मालनताई मनोरीला निघाल्या

मुलुंड (पूर्व),
दि. ५ नोव्हेंबर २०२५

सौ. सरूबाई यांस,
मालनचा सप्रेम नमस्कार. वि. वि.

तुम्ही फोन उचलत नाही. पहिल्या दिवशी वाटलं, मालाडला बाजारात बसला असाल. दुसऱ्या दिवशी वाटलं, मनोरीला रेंज नसेल. तिसऱ्या दिवशी नमिताने भाजी निवडता निवडता हळूच सांगितलं की आई रागावली आहे. माझी सून झाली तरी लेक तुमचीच, जास्त काही बोलली नाही. म्हणून पोस्टात जाऊन पाकीट आणलं. पाच वर्षांची सोयरीक आपली, पण तुम्हाला पत्र लिहायची वेळ पहिल्यांदाच आली.

रविवारी तुम्ही पापलेटांची जोडी घेऊन आलात. मी पिशवी ओट्यावर ठेवली आणि ताजं आहे का म्हणून माशाचा कल्ला उचलून बघितला. सरूबाई, देवाशपथ सांगते, मुद्दाम नाही केलं. चाळीस वर्षं मासे घेऊन हाताला सवय लागली आहे. माझा सख्खा भाऊ मालवणहून सुरमई घेऊन आला होता, तिचाही मी कल्ला उचलला. तो हसला. तुम्ही हसला नाहीत. पाणीसुद्धा न पिता उठलात, आणि मुलं खालून यायच्या आत निघूनही गेलात.

कल्ला लालभडक होता हो. एवढं ताजं पापलेट ह्या घरात कधी आलं नाही. सुबोधने तीन तुकड्या खाल्ल्या आणि मला विचारलं की सासूबाई न जेवता का गेल्या. मी सांगितलं, त्यांना घाई होती. आता खोटंही माझ्या खात्यावर चढलं.

महादूभावजींना नमस्कार. रागावलात तरी लोभ काढून घेऊ नका, एवढंच मागणं.

तुमची विहीण,
मालन


मनोरी,
११ नोव्हेंबर २०२५

श्रीमती मालनताई यांस,
सरूबाईचा नमस्कार. वि. वि.

पत्र मिळालं. ह्यांनी दोनदा वाचून दाखवलं आणि दोन्ही वेळा हसले. मी हसले नाही. मी सातवी शिकलेली, लिहायला बसले की शाळेतली भाषा येते. समोर असते तर आमच्या भाषेत सांगितलं असतं, मग तुम्हीच फोन ठेवला असता.

मला राग कशाचा आला ते ऐका. तुमचं घर चौदाव्या मजल्यावर. मी लिफ्टमध्ये बसत नाही. मागच्या वर्षी मालाडला एका गिऱ्हाइकाच्या घरी मासे द्यायला चालले होते आणि लिफ्ट मध्येच अडकली. एक तास मी, बोंबलांची पाटी आणि पाच माणसं. शेवटी शेवटी ती पाच माणसं माझ्याकडे अशी बघत होती की जणू लिफ्ट मीच बंद पाडली. तेव्हापासून लिफ्ट नाही म्हणजे नाही. तुमच्याकडे मी चौदा मजले चढून आले. सातव्यावर एका बाईने विचारलं की पापलेट कसं दिलं. अकराव्यावर एकवीरा आईचं नाव घेतलं. दारात पोचले तेव्हा तोंडातून शब्द फुटत नव्हता, आणि तुम्ही कल्ला उचललात.

बाजारात कोणी कल्ला उचलला तर मीच म्हणते, बघ बाय, दोनदा बघ. पण ते गिऱ्हाईक. तुम्ही माझ्या लेकीची सासू.

जाऊ दे. माफ करीन, पण अट आहे. मनोरीला या, आणि एकट्या या. सुबोधच्या गाडीने नको. गाडीतून येणारी माणसं पंख्याखाली बसतात आणि घड्याळ बघतात.

दुसरं. नमिता सांगत होती की सुबोधची तीन वर्षांसाठी हैदराबादला बदली झाली, जानेवारीत जायचं, मुलुंडचं घर भाड्याने द्यायचं आणि तुम्हालाही न्यायचं. तुम्हाला जायचंय का, असं मी तिला विचारलं. तिने विषयच बदलला. म्हणून तुम्हाला विचारते.

राग अर्धा उतरलाय. उरलेला तुम्ही आल्यावर.

सरूबाई


मुलुंड (पूर्व),
दि. १८ नोव्हेंबर २०२५

सौ. सरूबाई यांस,
मालनचा स. न. वि. वि.

चौदा मजले! मी पत्र वाचून जिन्याकडे गेले आणि वरून खाली वाकून बघितलं. मलाच गरगरलं. एक शब्द बोलला असतात तर तुम्हाला पंख्याखाली निजवलं असतं, पापलेट गेलं खड्ड्यात.

हैदराबादचं म्हणाल, तर मला कोणी विचारलं नाही. सुबोध वाईट नाही हो. तो म्हणतो की आई, तू एकटी कशी राहणार, तू तर नाक्यापलीकडे कधी एकटी गेली नाहीस. आणि ते खोटं नाही, तेच तर दुखतं. हे असताना तिकीट हे काढायचे, पाटी हे वाचायचे, मी त्यांच्या शर्टाकडे बघत मागून चालायचे. अख्खी मुंबई मी दत्ताराम ह्या माणसाच्या पाठीमागून बघितली. ते गेल्यावर सुबोधची गाडी आली. पण घर माझं इथे आहे. खालचा भाजीवाला मला न विचारता कोथिंबीर टाकतो. हैदराबादला मी कोणाशी भांडू?

म्हणून तुमची अट मनावर घेतली. शुक्रवारी मुलं कामाला गेल्यावर साडी बदलली, घाटकोपरपर्यंत रिक्षा केली आणि मेट्रोत गेले. खिडकीतल्या मुलीने विचारलं, सिंगल की रिटर्न. मला कळेना की परत यायचं आताच कसं ठरवायचं. सिंगल घेतलं. मग ते दार. तिकीट दाखवलं, दार उघडलं, मी पाऊल उचललं, विचार केला, आणि तेवढ्यात त्याने माझी पिशवी धरली. मी ह्या बाजूला, पिशवी मध्ये. मागे लोकांची रांग. शिपायाने बाजूचं दार उघडून पिशवी सोडवली आणि म्हणाला, आजी, जा आत. मी बाहेर आले. रिक्षा पकडली ती थेट घरी. संध्याकाळी नमिताने विचारलं की दिवसभर काय केलं, तर म्हणाले देवळात गेले होते.

तुमच्यासाठी नेलेल्या बेसनाच्या लाडवांचा त्या दारात चुरा झाला. मी आणि सुबोधने तो चमच्याने खाल्ला. तेव्हा सरूबाई, हैदराबादच बरं, असं वाटू लागलंय.

माया कमी करू नका, कमी पडली तर ती माझ्या बाजूने पडू दे.

तुमची,
मालन


मनोरी,
२४ नोव्हेंबर २०२५

मालन हिस,
सरूबाईचा आशीर्वाद (वयाने लहान असले तरी).

आता मी तुला तू म्हणणार. पिशवी दारात अडकली म्हणून घर सोडून हैदराबादला जाणाऱ्या बाईला मी अहो म्हणू शकत नाही.

मी लग्न होऊन आले तेव्हा ह्याच गावातली होते, तरी पहिल्या दिवशी मालाडच्या बाजारात सासूने मला पाटीसकट एकटीला बसवलं आणि चहाला जाते म्हणून गेली ती दुपारी आली. माझ्या तोंडून आवाज निघेना. शेजारची म्हणाली, ओरड, नाहीतर मासे सडतील. मी ओरडले. पहिली आरोळी रडतच मारली, पण गिऱ्हाइकाला काय कळतं?

आता नीट वाच. घाटकोपरला सिंगलच काढ, परतीचं माझ्यावर. दार उघडलं की विचार करायचा नाही, पिशवी पोटाशी धरायची आणि चालायचं. डी. एन. नगरला उतर. पुलावरून पलीकडे गेलीस की पिवळी लाइन, स्टेशनचं नाव अंधेरी पश्चिम. तिथून मालाड पश्चिम. खाली मार्व्याची बस. शेवटच्या थांब्यापर्यंत बसून राहा, कोणी काहीही ओरडलं तरी उठू नकोस. धक्क्यावर फेरीबोट. बोटीला दार नाही, त्यामुळे पिशवी अडकणार नाही.

गुरुवारी, ४ तारखेला मी बाजार बंद ठेवते. आली नाहीस तर नमिताला लाडवांचं खरं सांगीन.

वाट बघते, आणि वाट बघायची मला सवय नाही हे ध्यानात ठेव.

सरू


मुलुंड (पूर्व),
दि. १० डिसेंबर २०२५

सरूस,
मालनचा नमस्कार, आणि एक कबुली.

गुरुवारी धक्क्यावर तू विचारलंस की एवढा उशीर का झाला, तेव्हा मी म्हणाले की मेट्रो हळू होती. मेट्रो हळू नव्हती. दार उघडलं तशी मी एवढ्या जोरात आत गेले की पुढच्या बाईला धक्का बसला. पुलावर दोनदा विचारलं, दोघांनी दोन दिशा दाखवल्या, मी तिसऱ्या दिशेला गेले आणि ती बरोबर निघाली. मालाडपर्यंत खिडकीतून खालच्या गच्च्या बघत होते. लोकांची वाळवणं, पाण्याच्या टाक्या, एका गच्चीवर चक्क कोंबड्या. ह्यांच्या शर्टामागून हे कधी दिसलंच नव्हतं.

मग बस. तू लिहिलं होतंस की कोणी काहीही ओरडलं तरी उठू नकोस. पण मागून एक माणूस ओरडला, मालवणीवाले पुढे या. आता सरू, मी मालवणची. बासष्ट वर्षं मालवणी. मुंबईत मला इतक्या आपुलकीने कोणी हाक मारली नव्हती. मी उठले, पुढे गेले, आणि लोक उतरले तशी उतरलेही. बस गेल्यावर पाटी वाचली. जागेचंच नाव मालवणी! रस्त्याच्या कडेला उभी राहून मी एकटीच हसत सुटले. हसू थांबेना. बुरखा घातलेल्या एका मुलीने विचारलं की खाला, कुठे जायचंय. मनोरी म्हटल्यावर ती माझ्याबरोबर थांबली, दुसऱ्या बसमध्ये बसवून दिलं आणि ड्रायव्हरला दम भरला की ह्यांना मार्व्याआधी उतरू देऊ नका. त्याने नाही उतरू दिलं. एका थांब्यावर मी नुसती पदर सावरायला उठले, तर ओरडला.

बोटीत मात्र मी काठाला बसले. हात पाण्यात घातला. तू पलीकडे कमरेवर हात ठेवून उभी होतीस, आणि मला वाटलं, पोचले की मी.

ते तीन दिवस काय सांगू. बांबूवर लटकलेले बोंबील मी डोळे मिटले तरी दिसतात. तुझं कालवण आणि माझं तिरफळं घातलेलं, दोन्हींपैकी चांगलं कोणतं ते महादूभावजींनी अजून सांगितलेलं नाही. दोन्ही तीनदा वाढून घेतलं आणि जाळं शिवायचं निमित्त करून पळाले, हुशार माणूस. सुबोधचे सात फोन आले तेव्हा मी घाबरले होते. तो गाडी काढतो म्हणत होता. तू फोन घेऊन जावयाला सांगितलंस की तुझ्या आईचे हात बोंबलात आहेत, ती रविवारी येईल, आणि ठेवूनही दिलास. एवढी हिंमत मला त्याला जन्म देऊनही आली नाही.

रविवारी रात्री जेवताना त्याने शेवटी विचारलं. म्हणाला, आई, तुला यायचंय का हैदराबादला. मी आमटी वाढता वाढता म्हणाले की भेटायला येईन, राहायला नाही. तो म्हणाला, आजारी पडलीस तर. मी म्हटलं, तर पडेन, शेजारची शर्मिष्ठा नर्स आहे आणि तुझी सासू चौदा मजले चढून येते. नमिताला ठसका लागला. तुझी पत्रं टपालपेटीतून तीच वर आणत होती आणि आधी वाचतही होती, लाडवांचंही तिला माहीत होतं.  मग सुबोधने भात मागून घेतला. घर भाड्याने जाणार नाही.

तुझ्या जिवाला जप, म्हणजे माझंही निभेल.

मालन


मनोरी,
७ जानेवारी २०२६

मालन हिस,
सरूचा नमस्कार.

रविवारी मुलं गेली. गाडी हलली तेव्हा तू हात हलवत होतीस, रडली नाहीस. म्हणून मीही नाही रडले. तुझ्यासमोर कमी पडायचं नव्हतं. मग तू मला घाटकोपरला मेट्रोत बसवून दिलंस. मला! कोणता डबा रिकामा असतो हेही शिकवलंस. मी ऐकून घेतलं.

घरी आले आणि ह्यांच्यासमोर बसून भोकाड पसरलं. हे घाबरले. मी लग्नातही अशी रडले नव्हते.

एक खरं सांगते, हसू नको. तुला एकटीला बोलावलं ते कल्ल्यासाठी नव्हतं, आणि तुझं भलं व्हावं म्हणूनही नव्हतं. नमिता जाणार कळल्यापासून मला एकच लागून राहिलं होतं. मुलुंडला तिचं घर बंद झालं, तू गेलीस, तर तिच्या नावाचं इथे कोण उरलं? ती भांडी कशी घासते, झोपेत काय बडबडते हे मी कोणाशी बोलणार? तिला माझ्याएवढं ओळखणारी एकच बाई ह्या मुंबईत आहे. ती जाऊ नये म्हणून मी तिला मेट्रोत ढकललं. माझ्या स्वार्थाने.

आता सांगितलं. रागावायचं तर रागाव, तुझी पाळी आहे. मी फोन केला तर उचलू नकोस. पण पत्राचं उत्तर दे. ह्या घरात फार शांत झालंय.

सरू


मुलुंड (पूर्व),
दि. १३ जानेवारी २०२६

सरूस,

तुझं पत्र आत्ता दहा वाजता मिळालं. जेवणघरात उभ्यानेच वाचलं. गॅसवर दूध होतं, ते उतू गेलं.

उत्तर लिहायला बसले. लिहायचं होतं की भांडी ती अजून तशीच घासते, आधी कढई आणि मग कप, आणि शेवटी सगळ्यांना कढईचा वास. लिहायचं होतं की झोपेत ती मासे विकते, भावसुद्धा सांगते, आणि सुबोध एकदा झोपेतच म्हणाला की जरा कमी करा. अजून खूप आहे, एका पाकिटात मावणार नाही.

मग वाटलं, पोस्टाला चार दिवस लागतात, मला तीन तास. ह्या पाकिटावर तिकीट लावलेलं नाही. हे पत्र मीच घेऊन येते आहे. दारात तुझ्या हातात देईन, तू माझ्यासमोर वाच, आणि मग आपण दोघी बसू.

निघाले.

मालन