तीन निवृत्त वाणिज्यदूत आणि माझा कायमचा मुक्काम

बुधवार, १४

प्रिय ताई,

नमस्कार. तुझ्या पत्रांना इतके दिवस उत्तर दिलं नाही, त्याबद्दल कान धरतो. (कामात होतो असं लिहिणार होतो, पण ते खरं नाही. काय लिहावं तेच कळत नव्हतं.) तुझे गुडघे काय म्हणतात? भावजींचा खोकला?

तर जिच्याकडे मी खांद्याचे व्यायाम करायला जातो, तिच्याबद्दल. (खांदा केव्हाच बरा झालाय, मी जातच राहिलो. हे तिला सांगितलेलं नाही, त्याची टोचणी आहेच.) तिचे वडील एका चिमुकल्या बेटदेशाचे निवृत्त मानद वाणिज्यदूत. मानद म्हणजे बिनपगारी, त्यामुळे पोटापाण्याला दातांचा दवाखाना. एकाच खुर्चीत बसवून दातही बघायचे आणि व्हिसाही द्यायचे. परवा ती म्हणाली, "बाबांना भेटायला ये ना एकदा." आता चाळिशीतली बाई वडिलांना भेटायला बोलावते, याचा अर्थ काय घ्यायचा, तूच सांग. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो.

ती अजून कामावरून यायची होती. दिवाणखान्यात दवाखान्यातली ती खुर्ची होती, बाबा होते आणि त्यांचे दोन मित्र होते. तेही निवृत्त मानद वाणिज्यदूतच. एकांचं टाइल्सचं दुकान, दुसऱ्यांचं गाद्यांचं. मी घाबरून एका दमात सांगून टाकलं, की मुलीशी लग्न करायची परवानगी मागायला आलोय. तिघांचे चेहरे असे उजळले, की मला भरूनच आलं. मग लक्षात आलं, आनंद लग्नाचा नव्हता, परवानगीचा होता. निवृत्तीनंतर त्यांच्याकडे कोणी ती मागितलीच नव्हती.

मला खुर्चीत बसवून खुर्ची मागे कलती केली.

"येण्याचं कारण?"

"लग्न."

"मुक्काम किती दिवस?"

"कायमचा."

"कायमचा?" गादीवाले बाबांकडे वळले. "डॉक्टर, आपण कायमचा कधी दिलाय का हो?"

"छे! तीन महिने. फार तर मुदतवाढ. परतीचं तिकीट आहे?"

नाही म्हणालो. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग बाबा म्हणाले, "आ करा." मग टाइलवाल्यांनी मला पुढे वाकवून माझ्या पाठीवर बोटाच्या पेरांनी ठकठक करून कान लावला. (टाइल खालून पोकळ राहिलीय का, ते असंच बघतात म्हणे.) "डावीकडे जरा पोकळ वाटतोय, पण चालून जाईल." गादीवाल्यांनी विचारलं, कोणत्या कुशीवर झोपता? मी डाव्या म्हणालो. मग राहवेना, म्हणून पहाटे उजव्या, अशी दुरुस्ती केली.

"माणूस प्रामाणिक आहे," टाइलवाले म्हणाले.

"आहे, पण गादी दोन्हीकडून बसवणार," गादीवाले म्हणाले.

अखेर तिघांनी उभं राहून तीन महिन्यांची परवानगी दिली. मीही उभा राहून आभार मानले. (लग्नाला मुदत असावी का, हा प्रश्न मला जिना उतरताना पडला.)

तुझा,
धाकटा

ता. क. घरातलं वडीलधारं माणूस जामीन लागतं. रविवारी येशील? पाठ ठोकून बघतील, दचकू नकोस.

आणखी एक ता. क. जिन्यात ती भेटली. वरून बाबा ओरडले, "मंजूर केलं गं!" तिने विचारलं, "काय मंजूर?" मी सगळं सांगितलं. ती पर्स पायरीवर ठेवून म्हणाली, "मी तुला बाबांशी गप्पा मारायला बोलावलं होतं रे. आणि मला कोणी विचारलंय?"

ताई, खरंच कोणी विचारलेलं नाही. जामीन राहू दे. भावजींनी तुला नेमकं कोणत्या शब्दांत विचारलं होतं, तेवढं कळव. नाही, नकोच. पत्र येईपर्यंत धीर धरवणार नाही.

उद्या: तिला विचारणे.