धर्मशाळेच्या खेळातली चौथी चिठ्ठी

शनिवार, ४ फेब्रुवारी १९६१

नवा खेळ एका पानात मावत नाही. तीनदा लिहिला, तीनदा मागच्या बाजूला गेला. फाडून टाकला. मागच्या बाजूला गेला की तो खेळ राहत नाही, माझं भाषण होतं.

आज महिला मंडळात सुनंदाबाईंनी टोचलंच. चिटणीस आहेत, हक्क आहे त्यांचा. "अक्का, मैदानावर तीन हजार माणसं गप्प बसवता, आणि शनिवारी दुपारी आठ बायकांत कवड्या घेऊन बसता!" म्हटलं, त्या तीन हजारांत बायका पन्नास होत्या. त्यांनी माना हलवल्या, घरी गेल्या, लेकीचा हुंडा दिला आणि सुनेचा घेतला. वीस वर्षं मी बोलते आहे, वीस वर्षं त्या ऐकताहेत. कुठेतरी चुकतं आहे.

खेळात त्या बोलतात. एक पान, चार चिठ्ठ्या, एक अडचण. चिठ्ठीवर जो असेल त्याच्यासारखं बोलायचं-वागायचं, अडलं की कवड्या टाकायच्या. गेल्या महिन्यात नळाच्या भांडणाचा खेळ झाला. घरी मान वर न करणाऱ्या एकीने मुन्सिपालिटीचा साहेब असा वठवला की सुनंदाबाई हसून आडव्या झाल्या.

प्रत्येक पानाच्या तळाशी दोन नियम. सोंग दुसऱ्याचं घ्यायचं, आपलं नाही. आणि सतरंजीवरून उठलं की तिथलं बोलणं तिथेच — बाहेर कोणी कोणाला काही विचारायचं नाही. हा दुसरा नियम नसता तर एकीनेही तोंड उघडलं नसतं.

मंगळवार, ७ फेब्रुवारी

मावला! ‘धर्मशाळा’. घाटात दरड कोसळली आहे, चौघं एका खोलीत अडकले आहेत, शिधा एका दिवसाचा. मालकीण, व्यापारी, पहारेकरी, प्रवासी. चौथी चिठ्ठी लिहिताना जरा मजा आली: ‘प्रवाशाजवळ एक वस्तू आहे. तो ती कोणाला दाखवत नाही. कोणती, ते खेळणारीने ठरवावं.’

शनिवार, ११ फेब्रुवारी

आजच लिहून ठेवते, शब्द विसरता कामा नयेत.

चौथी चिठ्ठी चंपाला आली. चंपा म्हणजे आमच्या मागच्या क्रॉसवरच्या, मागल्या गल्लीतल्या, कस्तुराबाईंची सून. निपाणीकडची, लग्नाला चार वर्षं, मूल नाही. मंडळात येते ती कोपऱ्यात बसायला. आज चिठ्ठी वाचली आणि घडी घालून मुठीत धरली.

सुनंदाबाई व्यापारी होत्या. त्यांनी दरडावून विचारलं, "काय लपवलंयस पिशवीत? दागिने?"

चंपा म्हणाली, "बाटली."

"दारू की काय?" सगळ्या हसल्या.

"नाही. प्यायली की परत उठायला नको, अशी."

आवाज तिचा नव्हता. खालचा, थकलेला, सावकाश. मी इतकी नाटकं पाहिली, असा आवाज ऐकला नव्हता. म्हणाली, "लुगड्यांच्या घडीत ठेवलीय. कोणाला सापडायची नाही. मी गेले की एक खोली मोकळी होईल. त्यांना हवीच आहे. तोंडाने म्हणत नाहीत एवढंच."

"मग कधी पिणार?" सुनंदाबाई अजून खेळातच होत्या.

"तेवीस तारखेला. गुरुवारी. सगळी तुमकूरला लग्नाला जातील."

"अग, घाटातल्या धर्मशाळेत तुमकूर कुठून आलं?" पुन्हा हशा. चंपा हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती. कवड्या टाकायच्या आधीच मी खेळ संपवला. सतरंजीवरून उठताना ती म्हणाली, "अक्का, उठलं की संपलं ना?"

मी म्हटलं, संपलं.

रविवार, १२ फेब्रुवारी

रात्रभर एकच वाक्य. एक खोली मोकळी होईल.

कोणासाठी, हे कळायला पंडित लागत नाही. दुसरी आणायची आहे. कायदा होऊन सहा वर्षं होत आली, एक असताना दुसरी करता येत नाही. याच कायद्यासाठी मी घसा फोडून घेतला होता. वाटलं होतं बायका सुटल्या. आता पहिलीनेच आपणहून जायचं, म्हणजे कायदाही मोडत नाही! छळाला पुरावा नाही, वळ नाही, नुसतं घरातलं मौन. मी वर्षानुवर्षं हेच सांगत आले आणि ते माझ्या मागच्या क्रॉसवर चाललं होतं.

अकरा दिवस आहेत.

मंगळवार, १४ फेब्रुवारी

तिच्या घरावरून दोनदा गेले. दार उघडं होतं. आत जायचा धीर झाला नाही. मला!

गुरुवार, १६ फेब्रुवारी

तिला विचारायचं, तर नियम मोडतो. मी दिलेला शब्द. आज मोडला तर उद्या एकही बाई सतरंजीवर खरं बोलणार नाही. आणि विचारलं तरी ती काय सांगणार? ‘खेळ होता अक्का.’ मग बाटली दुसरीकडे हलेल, तारीख बदलेल, आणि मला काहीच ठाऊक नसेल. आता निदान दिवस ठाऊक आहे.

तिच्या नवऱ्याला सांगायचं? चंद्रकांत सज्जन दिसतो. कारखान्यात टाइमकीपर आहे, वेळेवर जातो, वेळेवर येतो. सज्जन दिसणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. पोलिसांत जाऊन काय सांगू? एका प्रवाशाने धर्मशाळेत असं म्हटलं?

जेवण जात नाही. शाळेत आज मुलींना शिवाजीमहाराज आग्र्याहून सुटले ते शिकवत होते. मधेच थांबले. पुढचं आठवेना.

शनिवार, १८ फेब्रुवारी

चंपा आली नाही. खेळ झाला नाही. डोकं दुखतं म्हणून सांगितलं.

रविवार, १९ फेब्रुवारी

अर्धा नियम मोडला. सुनंदाबाईंना सांगितलं. त्या पापड वाळत घालत होत्या, हात थांबले नाहीत.

"अक्का, तुम्हीच सोंगं घ्यायला लावता आणि तुम्हीच खरी मानता. मी व्यापारी झाले म्हणजे मी चोर का?"

"तारीख, सुनंदाबाई. तुमकूर."

तेव्हा हात थांबले. म्हणाल्या, "ते लग्न आहे खरं. चंद्रकांताच्या मावसभावाचं. चंपा नाही जायची, सासूजवळ राहणार आहे. कस्तुराबाईंना पोटाच्या दुखण्याने प्रवास झेपत नाही."

सासूजवळ. म्हणजे त्या दिवशी घरात ती, आणि जिला खोली हवी आहे ती. दोघीच.

"मग तिला त्या दिवशी घराबाहेर काढा," सुनंदाबाई म्हणाल्या. "विचारायचं नाही, सांगायचं नाही. नुसतं काढायचं. दिवस टळला की माणूस टळतो, अक्का. माझ्या बहिणीचं तसंच झालं होतं."

इतकं सरळ मला का सुचलं नाही?

मंगळवार, २१ फेब्रुवारी

गेले एकदाची. दाराशी दोनदा थांबले. व्यासपीठाच्या पायऱ्या चढताना कधी थांबले नाही.

कस्तुराबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, मांडीवर उशी दाबून धरलेली. पार वाळल्या आहेत. पण जीभ शाबूत. "या अक्का. आमच्यासारख्यांच्या घरी आज वाट चुकलात?" चंपाने कॉफी आणली. मी तिच्याकडे बघायचं टाळलं.

म्हटलं, गुरुवारी मंडळाचं फार काम आहे, वार्षिक सभेची पत्रकं लिहायची आहेत, चंपाचं अक्षर चांगलं, दिवसभर द्याल का? मला वाटलं होतं भांडावं लागेल. मनात सगळे मुद्दे मांडून गेले होते.

"सरी, बरंच झालं, घेऊन जा की," कस्तुराबाई लगेच म्हणाल्या. "स्वल्प बाहेर पडू दे. सदा माझ्या उशाशी बसून असते."

"पण आत्याबाई, तुम्ही एकट्या —" चंपाचा चेहरा उतरला होता.

"मला काय वाघ खातो? ह्यांना नाही म्हणू नको. जा."

ज्या घाईने त्यांनी होकार दिला, ती मला खटकली. मग एकदम म्हणाल्या, "तुमच्या त्या खेळात आमची चंपा काय सोंग घेते हो?" आणि माझ्या डोळ्यांत बघत राहिल्या. म्हटलं, काही नाही, कवड्या मोजते. आयुष्यात इतकं सहज खोटं बोलले नव्हते.

दारापर्यंत पोचवायला चंपा आली. चपला घालता घालता हळूच म्हटलं, "मी सगळी व्यवस्था केली आहे. तू काळजी करू नको. नुसती ये."

तिने माझा हात घट्ट धरला. डोळे भरले होते. "तुम्हाला कळलं अक्का? खरंच?"

"कळलं," मी म्हटलं.

आज पोटभर जेवले.

बुधवार, २२ फेब्रुवारी

पोटभर जेवण पचलं नाही. उद्या ती आलीच नाही तर? सासूने आयत्या वेळी अडवलं तर? त्या बाईने माझ्या डोळ्यांत काय पाहिलं?

उद्यासाठी एक पान लिहिलं. तीच धर्मशाळा, पण दोघींचा खेळ. मी कधी चिठ्ठी घेत नाही, उद्या मालकिणीची घेणार. बाहेर विचारायचं नाही ना? मग सतरंजीवर विचारीन. प्रवाशाकडून बाटली मागून घेईन.

गुरुवार, २३ फेब्रुवारी. संध्याकाळचे सहा

आली. साडेनऊला. सगळी पहाटेच्या गाडीने तुमकूरला गेली, म्हणाली. दाराला आतून कडी लावली तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

आधी तासभर पत्रकं. तिचं लक्ष नव्हतं, दोनदा कागदावर शाई सांडली. मग मी सतरंजी अंथरली, नवं पान ठेवलं, प्रवाशाची चिठ्ठी तिच्यापुढे सरकवली. तिने ती परत सरकवली.

"नको. मी पहारेकरी होईन."

"या पानात पहारेकरी नाही."

"असू दे की अक्का. लिहा ना."

मी लिहिलं. खोडून, वर. पान बिघडलं. पण बोलेल तर बोलू दे, म्हटलं.

ती मांडी घालून ताठ बसली. म्हणाली, "मालकीणबाई, मी रोज रात्री दाराशी बसते. डोळा लागू देत नाही. आज तुम्ही मला इथे बोलावून घेतलंत. माझ्या जागी आज पहाऱ्यावर कोण आहे?"

मला वाटलं, किती दमली आहे ही पोर स्वतःला सांभाळून. मी मालकिणीच्या आवाजात, चांगल्या मोठ्या, म्हटलं, "मी आहे ना. माझी माणसं आहेत. आज तू निर्धास्त नीज."

"शपथ?"

"मालकिणीची शपथ."

तिने डोळे मिटले. खांदे खाली आले. बाटलीचं विचारायचं राहून गेलं, पण तो चेहरा बघून विचारावंसं वाटलं नाही. जेवली. ताक दोनदा मागून घेतलं. दुपारी सतरंजीवरच झोपली, तोंड उघडं टाकून, लहान मुलीसारखी. म्हणे महिनाभर अशी झोप लागली नव्हती. मी शेजारी बसून वारा घालत होते. एका माणसाला वाचवायला वीस वर्षांच्या भाषणांहून एक पान पुरतं, असं काहीसं मनात आलं. गर्व म्हणायचा तर म्हणावा.

पाचला उठली. मी कोपऱ्यापर्यंत सोडायला गेले. तिच्या घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. तिने वळून हात केला आणि आत गेली. लग्नाची मंडळी आठपर्यंत येतील. तोवर काही व्हायचं असतं तर चेहऱ्यावर दिसलं असतं. तशी मी परत फिरले.

बारा दिवसांत पहिल्यांदा भीती नाही.

शुक्रवार, २४ फेब्रुवारी

कस्तुराबाई गेल्या. काल दुपारीच. चंपा आत गेली तेव्हा अंग गार पडलं होतं, उशाशी बाटली रिकामी.

आतडं सडत होतं. डॉक्टरांनी हात टेकले होते. बाटली चंपाने महिन्यापूर्वी पाहिली, आणि त्यांनी तिला चंद्रकांताच्या गळ्याची शपथ घातली — कोणाला सांगायचं नाही. तिने कोणाला सांगितलं नाही. प्रवासी होऊन त्यांचं सोंग तेवढं घेतलं.

सकाळी गेले होते. ती रडत नाही. एवढंच विचारते आहे, "माझ्या जागी तुम्ही कोणाला बसवलं होतंत, अक्का?"