वन्संचा माग

३ मार्च

चि. ठकूस अ. उ. आ.

तुझं पत्र दोनदा वाचलं, मग शेजारणीला वाचून दाखवलं. तिला कमी ऐकू येतं म्हणून ओरडून, म्हणजे आता सगळ्या गल्लीला ठाऊक! आपली गिरणी पाडणार नाहीत, तू नकाशे काढून ती वाचवलीस, आणि विणाई खात्याच्या दारात माझा तो जुना फोटो माणसापेक्षा उंच करून लावणार. बाई गं! या आनंदात दूध उतू गेलं, जाऊ दे. चिमणीला तडा होता तो बुजवला का? आणि खात्याचा जिना मधोमध झिजून पन्हाळीसारखा झालाय, तो तसाच ठेव. त्यात आमच्या टाचा आहेत.

पत्र पाठवायला आळस करू नकोस, एवढंच मागणं.

तुझी आजी

९ मार्च

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

जिना तसाच ठेवलाय, चिमणी लोखंडी पट्ट्यांनी आवळलीय. फोटोखालची पाटी मीच लिहिली, ‘आपल्या मागावर विणकर, माझी आजी.’ वीस तारखेला ती छापायला जाईल. धागा तुटला की तू डोळे मिटून गाठ मारायचीस, तेही घालते. त्या गोष्टी ऐकूनच मी जुन्या इमारतींच्या नादी लागले, हे साहेबांनाही सांगून झालंय. फोटोवरचा पडदा ओढायला आत्याआजींना बोलावलंय. त्याही त्याच खात्यात होत्या ना?

एक विचारायचं होतं. चालू मागाशी हातभर बांगड्या कशा चालायच्या? आमचे म्हातारे मिस्त्री फोटो बघून हसले.

माझ्यावरची माया अशीच राहू दे.

तुझी ठकू

१४ मार्च

चि. ठकूस अ. उ. आ.

आज हवा बरी आहे. गुडघा तसाच. शेजारणीने कानाचं यंत्र आणलं, आता तीच सगळ्यांना हळू बोला म्हणते. झालं, सांगायला दुसरं काही उरलं नाही.

मिस्त्री हसले ते बरोबरच. माग चालवणारी बाई बांगड्या घालत नाही, हात अडकला तर गेला. माझ्या हातात होत्या, कारण मी विणकर नव्हतेच. मी खालच्या मजल्यावर कांड्या भरायचे, म्हणजे विणकरांसाठी सूत गुंडाळून द्यायचं. माग वन्संचा, तुझ्या आत्याआजींचा. फोटोवाला आला तेव्हा त्या सकाळपासून कामाला जुंपलेल्या, केसांत कापूस, तोंड घामाने ओलं. मुकादम म्हणाला, जरा नीटनेटकी कुणी आणा. मी नवी नवरी, कपडे नवे, कांड्यांची टोपली घेऊन नेमकी वर आलेली. मला उभं केलं आणि वन्संना बाजूला व्हायला सांगितलं. त्या झाल्या. मी हसले. फोटोत बघ, केवढी हसतेय मेली.

पुढे कुणी विचारलं तर मी नाही म्हटलं नाही. तुला सांगितलेल्या गोष्टीही वन्संच्याच. गाठ त्या मारायच्या डोळे मिटून, मला उघड्या डोळ्यांनी जमली नाही. तू मांडीवर टाळ्या पिटायचीस, की मी आणखी सांगायचे. ठकू, तोंड कुठे लपवू असं झालंय. पाटी खोडून टाक. आणि वन्संना तूच सांग, मला धीर होत नाही.

जमलं तर पूर्वीसारखीच आजी म्हण.

आजी

१७ मार्च

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

पाटी थांबवली. साहेबांना खरं सांगताना माझे कान तापले. मी रागावले आहे, लपवत नाही. आत्याआजींना मी सांगणार नाही. त्या तुझ्यापासून चार घरं पलीकडे राहतात. उद्घाटन पंचवीस तारखेला आहे.

रागातसुद्धा तुझीच,

ठकू

२१ मार्च

चि. ठकूस अ. उ. आ.

गेले. चार घरांना पाऊण तास लागला. वाटेत नको असलेली काडेपेटी विकत घेतली, कुणाच्या तरी मांजराशी बोलत बसले. वन्सं दाराशी वाटाणे सोलत होत्या. मी उभ्याउभ्याच सगळं ओकून टाकलं. त्या सोलत राहिल्या. मग म्हणाल्या, फोटोचं त्यांना कधीच काही वाटलं नाही. पण फोटोसाठी मी ऐटीत मागाचा दांडा ओढला होता, ते आठवतं का?

मला आठवत नव्हतं. माग मध्येच थांबला, कापडात आडवी रेघ पडली, अख्खा तागा परत आला. मुकादमाने सगळ्या खात्यादेखत वन्संना आंधळी म्हटलं आणि महिनाभर झाडलोटीला लावलं. त्यांनी माझं नाव घेतलं नाही, भावाची नवी बायको म्हणून. आणि मी त्या महिन्यात जिन्यावर त्यांना विचारलं होतं, वन्सं, हातात झाडू कसा? हसत विचारलं होतं गं.

इतकी वर्षं मी लाजले ती भलत्याच गोष्टीला.

म्हटलं, पाटीवर सगळं लिहायला लावते. वन्सं म्हणाल्या, पाटी वाचणार कोण? येतील त्या आपल्याच खात्यातल्या म्हाताऱ्या, निम्म्यांना अक्षर येत नाही, निम्म्यांना दिसत नाही. पण आंधळी म्हटलेलं त्यांनी ऐकलं होतं. त्यांच्यासमोर तोंडाने सांग, मगच पडद्याला हात लावीन.

सांगणार आहे. फोटो उतरवू नकोस, त्याच्यासमोरच उभी राहीन. मला न्यायला येऊ नकोस. वन्सं येणार आहेत घ्यायला, म्हणतात, एकटी सोडली तर वाटेतून पळशील.

राग असू दे, पण त्या दिवशी मला दिसशील अशी पुढे उभी राहा.

तुझी आजी