मधल्या फ्रेममधले पाहुणे

…तर आत्या, "आता मला फोन करायचा न्हाय" म्हणून तुम्ही फोन ठेवलात, तिथूनच पुढं सांगते, कारण माझं वाक्य अर्धंच राहिलं होतं. मी एवढंच म्हणत होते की तुमचा फोटो भिंतीवर आहे. खरंच आहे. फक्त तुम्ही दिसत नाही.

आधी नमस्कार. तुमच्या पायावर डोकं ठेवते (पत्रात हे कसं लिहितात ते मला कुणी शिकवलंच नाही, आमच्या शाळेत फक्त रजेचा अर्ज लिहायला लावायचे, तोही इंग्रजीत, म्हणून मनात येईल तसं लिहिते). गुडघा कसा आहे? तेल चोळता का नुसतंच बाटलीकडं बघता? मामांचा खोकला गेला का? म्हैस व्याली का? इकडं येरमाळ्यात सगळे बरे आहेत, म्हणजे तब्येतीनं बरे आहेत. बाकी कुणाला काही कळंना झालंय, आणि मला तर सगळ्यात जास्त कळंना झालंय.

पाहुण्यांच्या खोलीत आधी काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे. बियाणं कंपनीचं मागच्या साली संपलेलं कॅलेंडर, आणि खाली कांद्याची पोती. दादाला मुली सांगून येतात, माणसं घर बघायला येतात, त्या पोत्यांवर एक नजर टाकतात आणि जाताना "कळवतो" म्हणतात. आत्तापर्यंत एकानंही कळवलं नाही. दादाचं हार्डवेअरचं दुकान हायवेला आहे, चांगलं चालतं, पण मुलींना पुण्याचा मुलगा पाहिजे. दादा काही बोलत नाही, नुसता दुकानातले खिळे साईजप्रमाणं लावत बसतो. ते मला बघवंना. म्हणून मी ठरवलं की खोली अशी करायची की आलेल्या माणसाला वाटावं, ह्या घरात माणसं भरपूर आहेत. मोबाईलवर बघितलं होतं, एका भिंतीवर सगळ्या नातेवाइकांचे, मित्रांचे फोटो, लहान-मोठ्या फ्रेममध्ये. पोती मी ओसरीत नेली (आई अजून त्यावरून बोलत नाही, म्हणजे बोलते, पण माझ्याशी नाही).

आता अडचण अशी, आत्या, की आपल्याकडं फोटो फक्त लग्नात काढतात. आणि लग्नात आपली माणसं एक तर जेवत असतात, नाहीतर कुणाला तरी हाक मारत असतात. पप्पांचे मी चाळीसेक फोटो बघितले, सगळ्यात तोंड उघडं. पण प्रत्येक अल्बममध्ये एक गृहस्थ मात्र असे उभे, जणू फोटोग्राफरनं त्यांच्यासाठीच कॅमेरा आणला होता. फेटा नीट, मिशी नीट, नजर सरळ. आईच्या माहेरच्या, लोहाऱ्याकडच्या लग्नांत तेच. पप्पांच्या चुलतभावाच्या लग्नात तेच. तुमच्या लेकीच्या लग्नात स्टेजवर तेच, आणि त्यांच्या मागं तुम्ही. तुमचा हिरव्या चुड्याचा हात आणि अर्धी नथ स्पष्ट दिसते. बाकीच्या तुम्ही त्यांच्या फेट्यामागं आहात. तुमचा तेवढाच एक फोटो सापडला, तो मी मोठा करून मधोमध लावला. माझ्या दृष्टीनं तो तुमचाच फोटो आहे. पण मागच्या आठवड्यात तुम्ही आलात, दुपारभर भिंतीकडं बघत बसलात आणि चहा न घेता उठलात, तेव्हा पप्पा म्हणाले, समृद्धे, काहीतरी चुकलंय.

ते गृहस्थ कोण, हे मी लावायच्या आधी विचारलं नव्हतं का? विचारलं होतं. आई म्हणाली, तुझ्या पप्पाकडचे असतील, त्यांच्याकडं असली माणसं पुढं पुढं करतातच. पप्पा म्हणाले, छे, तुझ्या आईकडचे, मी त्यांना दोनदा टॉवेल-टोपी केलीय, ती काय आपल्या माणसाला करतात? मग आईला तो टॉवेल आठवला, म्हणजे चांगल्यातला टॉवेल गेला तो कुणाला गेला हे वीस वर्षांनी कळलं, आणि त्यावरून जे झालं ते मी लिहीत नाही. शेवटी एवढंच ठरलं की चेहरा ओळखीचा आहे. सगळ्यांना ओळखीचा आहे. कुठला ते कुणालाच सांगता येईना.

एवढ्यात गेल्या शुक्रवारी दादासाठी लोहाऱ्याहून माणसं आली. मुलीचं नाव वैष्णवी, दादाला फार आवडलीय (त्या दिवशी दुकानात त्यानं एका माणसाला पेंटऐवजी फेविकॉल दिला, यावरून ओळखा). बरोबर तिची आजी, गिरिजाबाई. घरात शब्द त्यांचाच चालतो. त्यांनी घर बघितलं, दुकान विचारलं, जमीन विचारली आणि चेहरा असा ठेवला की आता "कळवतो" येणार हे आम्हाला पाठच होतं. मग त्या पाहुण्यांच्या खोलीत आल्या आणि मधल्या फ्रेमपुढं उभ्याच राहिल्या.

"हे तुमचे कोण?"

आता आत्या, आपल्याच भिंतीवर मधोमध लावलेल्या माणसाबद्दल "माहीत नाही" कसं म्हणायचं? पप्पा म्हणाले, "थोरले बंधू आमचे."

गिरिजाबाई खाली बसल्या. म्हणाल्या, लोहाऱ्यात एका लग्नात पंगतीला वाढपी त्यांना चुकवून पुढं गेला. पोटच्या लेकांचंही लक्ष नव्हतं. ह्या माणसानं स्वतःचं ताट त्यांच्यापुढं सरकवलं आणि वाढप्याला मागं बोलावलं. कोण, कुठला, सांगितलं नाही. "अशी थोरली माणसं ज्या घरात हायत, तितं माझी नात उपाशी न्हाय ऱ्हायची," असं म्हणून त्यांनी सोयरीक पक्की केली. अट एकच. येत्या रविवारी साखरपुड्याला साखरेचा पुडा थोरल्या बंधूंच्याच हातून वैष्णवीच्या ओटीत पडला पाहिजे.

दादा त्या रात्री पहिल्यांदा हसला. पप्पा जेवले नाहीत.

खरं सांगितलं तर सोयरीक मोडेल, नाही सांगितलं तर थोरले बंधू आणायचे कुठनं? आणि आपल्यात नाती-गोती ध्यानात ठेवणाऱ्या तुम्ही एकट्या. कोण कुणाचा साडू आणि कुणाची सून कुणाची मावसबहीण, हे तुम्ही झोपेत सांगता. म्हणून पत्रासोबत फोटो पाठवते. रागाच्या जागी राग ठेवा, पण हे कोण तेवढं कळवा. (तुमच्या लेकीच्या लग्नात तुम्ही त्यांना स्टेजवर चढू दिलं, म्हणजे तुम्हाला काहीतरी वाटलंच असेल ना?)

तुमची लाडकी होती ती भाची,
समृद्धी

ता. क. पत्र बंद केलं नव्हतं ते बरं झालं. ते सापडले. पप्पा एसटीत शेजारच्याला फोटो दाखवत होते, तर कंडक्टर वाकून म्हणाला, हे तर आमचे रामलिंग मास्तर. धाराशिव-लोहारा गाडीवर कंडक्टर होते, आता रिटायर झाले. म्हणजे सगळ्यांनी त्यांना हजारदा बघितलंय, पण खाकीत, त्यामुळं फेट्यात कुणालाच ओळखू आले नाहीत. गाडीत लोक पत्रिका वाटायचे, एक त्यांनाही द्यायचे, आणि ते जायचे. पत्रिका दिली म्हणजे बोलावलंय, असं ते म्हणाले. जे बरोबरच आहे, मग इतकी वर्षं आमचंच काय चुकलं ते मला कळंना. लोहाऱ्यात एकटेच असतात. पप्पा त्यांना घेऊनच आले. आत्ता ते पाहुण्यांच्या खोलीत बसलेत. आधी स्वतःच्या फोटोकडं बराच वेळ बघत होते, मग आईला म्हणाले, "आमच्या घरातबी न्हाय हो माझा फोटो."

ता. क. दुसरं, आणि खरं तर यासाठीच पत्र. रामलिंगकाका पुडा द्यायला तयार नाहीत. त्यांना पंगतीतली म्हातारी आठवते, दादाही आवडला, पण ते म्हणाले, "खोट्या नात्याची साखर पोरीच्या वटीत घालू व्हय? कुणाचा तरी खराच हाय असं करा, मग येतो." मग आई (माझ्याशीसुद्धा) बोलली. म्हणाली, धुरपदा वन्संनी ह्यांना भाऊ मानून ओवाळलं, तर हे आमच्या ह्यांचे थोरले बंधूच की. मानलेला भाऊ काय खोटा असतो? पप्पा एकदम जेवायला बसले.

काकांना तुमचं नाव सांगितलं तर ते सावरूनच बसले. "बेंबळीच्या धुरपदाबाई? सुट्ट्या पैशावरनं रोज भांडायच्या की." पण त्यांना चालतंय. बहीण म्हणजे भांडणारच, म्हणाले. शनिवारी दादा गाडी घेऊन तुम्हाला न्यायला येईल. तो दारात उभा राहून काही बोलणार नाही, तुम्हाला माहीत आहे तो कसा आहे, पण तुम्ही जिथं बसला असाल तिथनंच त्याच्या तोंडाकडं एकदा बघा.

मला फक्त एक कळंना, आणि हे तुमच्याशिवाय कुणाला विचारणार? पप्पा खोटं बोलले शुक्रवारी आणि तुम्ही ओवाळणार शनिवारी, तर रविवारी गिरिजाबाईंपुढं ते खरं धरायचं, का आधी सगळं सांगून मग पुडा द्यायचा? तुम्हाला काय वाटतं, आत्या?