चार प्लग, पंचवीस दिवस

३ नोव्हेंबर, सोमवार
इंजिन जुळलं. चौदा महिने लागले, पण कुठेही तडजोड केली नाही. मिस्त्री म्हणाला, साहेब, आता चार स्पार्क प्लग टाकायचे की गाडी चालू. बाबांनी बॉनेटवर हात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही. त्यांची ही लाल, दोन सीटची स्पोर्ट्स कार बावीस वर्षं ताडपत्रीखाली होती. २८ तारखेला बाबांचं लायसन्स संपतंय आणि पुढच्या कागदावर सही करायला डोळ्यांचे डॉक्टर तयार नाहीत. त्याआधी एकदा स्वतः चालवायची, एवढंच बाबांचं म्हणणं. पंचवीस दिवस आहेत. चार प्लगना पंचवीस दिवस म्हणजे चैनच.
मिस्त्री म्हणाला, जुन्या प्लगवर नंबर आहे, तोच आणा. मी नुसता हसलो. इंजिन नव्याने बांधायचं, कॉम्प्रेशन वाढवायचं, आणि प्लग मात्र जुन्या नंबरचे? माणसाने विचार करायला नको?

६ नोव्हेंबर, गुरुवार
स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो. बसने पाऊण तास. दुकानदाराने विचारलं, गरम देऊ की थंड? मी म्हटलं, काही नको, आत्ताच चहा झालाय. काउंटरवरची तिन्ही गिऱ्हाइकं हसली. प्रश्न प्लगचा होता. सावकाश चालणाऱ्या गाडीला गरम प्लग, म्हणजे टोकावरची काजळी जळून जाते. जोरात पळणाऱ्या गाडीला थंड, नाहीतर इंजिनला ताप सोसत नाही. हे मला माहीत होतं. ऐन वेळी आठवलं नाही, इतकंच.
काही न घेता परतलो. हा संयमच म्हणायचा.

९ नोव्हेंबर, रविवार
मुद्दा आता सोपा आहे. बाबा किती वेगाने चालवणार? जेवताना आडून विचारलं की या वयात माणसाला साधारण किती स्पीड बरा वाटतो. बाबा म्हणाले, तुला काय वाटतं, मी हातगाडी ढकलणार आहे? म्हणजे थंड.
जेवणानंतर ते स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत गेले. घड्याळ लावून पाहिलं. म्हणजे गरम.
बायको म्हणाली, लाज नाही वाटत म्हाताऱ्या माणसामागे घड्याळ घेऊन फिरायला? माझ्या मनात बाबांबद्दल अनादर आहे का, यावर प्रामाणिकपणे विचार केला. नाही. असलाच तर किरकोळ.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
तक्ता तयार. सात कंपन्या, एकतीस प्लग, तीन रंगांची शाई. आता चूक होणं शक्य नाही. बाबांनी चष्मा लावून तक्ता पाहिला. म्हणाले, अक्षर सुधारलंय तुझं.

१९ नोव्हेंबर, बुधवार
एक बारीकशी गोष्ट लक्षात आली. काही कंपन्यांत नंबर वाढला की प्लग थंड होत जातो, काहींत गरम. मी सगळे एकाच दिशेने लावले होते. म्हणजे अर्धा तक्ता उलटा. मात्र वेळेत कळलं, हे तक्त्याचंच यश.
मिस्त्रीचा फोन आला. साहेब, प्लग घेताय की जावई शोधताय?

२३ नोव्हेंबर, रविवार
सकाळी बाबा बंद गाडीत बसून गिअर टाकत होते. पहिला, दुसरा, तिसरा. तोंडाने इंजिनचा आवाजही काढत होते. मला पाहिल्यावर खोकल्यासारखं केलं. मीही काही ऐकलं नाही असं दाखवलं. परवा निर्णय. इथे लिहून ठेवतोय, म्हणजे बंधन राहील.

२५ नोव्हेंबर, मंगळवार
उद्या.

२७ नोव्हेंबर, गुरुवार
निर्णय झाला! मधला. ना गरम, ना थंड. काल घेऊनही आलो. बायको म्हणाली, तीन आठवडे डोकं खाऊन मधला? मध्य काढायला दोन्ही टोकं नीट माहीत असावी लागतात, हे तिला समजावलं. ती भाजी चिरत राहिली.
दुपारी मिस्त्री आला. चारही प्लग बसवले आणि चालू करण्याआधी इंजिन हाताने फिरवून पाहिलं. टक्. पुन्हा टक्. प्लग काढला तर टोक चपटं. पिस्टन वर येऊन त्यावर आदळत होता. प्लग हवा त्यापेक्षा सहा मिलिमीटर जास्त लांब. मिस्त्री म्हणाला, साहेब, ताप बघितलात, उंची कोण बघणार?
तक्त्यात लांबीचा रकाना नव्हता. वाचायला सोपं जावं म्हणून रकाने मी मुद्दामच कमी ठेवले होते.
इंजिन सुखरूप आहे. बाबा म्हणाले, अजून उद्याचा दिवस आहे की. मग आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
बायको म्हणाली, चल, मी सोडते दुकानात. नको म्हटलं. दोघं असलो की चर्चा होते.
दुकानदाराने दोन मिनिटांत आखूड प्लग काढून दिले. बसस्टॉपवर खोका वाचला. ठरवल्यापेक्षा एका नंबराने जास्त गरम निघाले. परत जाऊन बदलले. पुन्हा स्टॉपवर मनात आलं, बाबा आज शेवटचं चालवणार, म्हणजे हळू चालवतील की जोरात? या विचारात दोन बस गेल्या. तिसऱ्यांदा दुकानात गेलो. दुकानदाराने हात जोडले. म्हणाला, दोन्ही न्या, पण आता घरी जा हो.
पोचलो तेव्हा रस्त्यावरचे दिवे लागले होते. बाबांना अंधारात दिसत नाही.
बाबा पायरीवर बसले होते. बायकोच्या छोट्या पांढऱ्या गाडीची किल्ली बोटात फिरवत होते. साडेचारपर्यंत माझी वाट पाहिली, मग तिला शेजारी बसवून तिचीच गाडी काढली. तळ्यापर्यंत जाऊन आले. बायको म्हणाली, वळणावर मी डोळेच मिटून घेतले, इतके जोरात.
जोरात. म्हणजे थंडच हवे होते.
बाबा म्हणाले, झकास पळते गं. हिला प्लग कुठले? ती म्हणाली, कोण जाणे, बाबा. बघायची वेळच नाही आली कधी.
मग त्यांनी खिशातून लाल गाडीची किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. म्हणाले, आता ही तुझी.
मला गाडी चालवता येत नाही. चौदा महिन्यांत हा विषय कधी निघालाच नाही.