वदीदाचं कानून

अलेक्झांड्रिया, १२ नोव्हेंबर १९९३

ती. इग्लालअब्ला हिस धाकट्या भावाचा, रऊफचा सलाम आणि सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं, खजूरही मिळाले. जेवतोस की नाही असं विचारलंस. जेवतो. कोपऱ्यावरच्या गाडीवरून शिजवलेल्या पावट्याची वाटी आणतो, भाकरीशी खातो. एकट्यासाठी चूल पेटवायचा कंटाळा येतो, हे तुझ्यापासून काय लपवायचं?

वदीदाला जाऊन वर्ष होत आलं. ती वाजवायची ते तारांचं वाद्य, तिचं कानून, मी संगीत संस्थेला दिलं, कारण समुद्रासमोरच्या या घरात बायको गेल्यावर ते दमट हवेत कुजलं असतं. संस्थेत हवा कोरडी राखणारं यंत्र आहे. पण इमारतीचे व्यवस्थापक बसयूनीसाहेब गुरुवारी संध्याकाळी ते बंद करतात आणि शनिवारी सकाळी सुरू करतात. मधल्या वेळात ओल आत शिरते. मी दर शनिवारी जाऊन उतरलेल्या तारा एकेक करून चढवतो, सगळी सकाळ त्यात जाते. पण ओल आणि कोरड यांच्या या ओढाताणीत एक दिवस त्याची लाकडी पेटी तडकेल, आणि वदीदाचा आवाज मग कुठून आणू?

बसयूनीसाहेबांना लाकूड कसं फुगतं, कसं आकसतं, सगळं समजावलं. त्यांनी चहा पाजला आणि म्हणाले, सुट्टीत माणूसच नाही तर यंत्र कुणासाठी चालवू? दारं-खिडक्याही लाकडाच्याच आहेत, त्या कुठे तक्रार करतात?

माया आहेच, ती पत्रातून कळव.
तुझा रऊफ


असयूत, २४ नोव्हेंबर १९९३

चि. रऊफ यास इग्लालचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे खुशाल. गुडघे कुरकुरतात, पण माझ्या सुनेइतके नाहीत.

तू लहानपणापासून असाच. समोरचा कोण आहे हे न बघता व्याख्यान सुरू करतोस. लाकडाचं पुराण ऐकून कोण पाघळेल? ते बसयूनी मूळचे कुठले, वडील काय करायचे, मुलंबाळं किती, काही विचारलंस का? नाहीच विचारलं, मला माहीत आहे. माणसाला आधी त्याचं घर विचारावं, मग आपलं गाऱ्हाणं सांगावं. वदीदा असती तर तिने पहिल्याच चहात ते काम करून घेतलं असतं.

आणि एक सांगू का? तुझ्या पत्रात शनिवार सोडून दुसरा वारच नसतो. बाकीचे दिवस काय करतोस, ते लिही.

जीव लावतोस तसाच लावत राहा.
तुझी अब्ला


अलेक्झांड्रिया, २० डिसेंबर १९९३

ती. अब्ला हिस सा. न. वि. वि.

तुझंच खरं ठरलं, आता महिनाभर मिरवत बस.

बसयूनीसाहेबांना घर विचारलं. ते अन्फूशीचे, कोळ्यांच्या वस्तीतले. वडील होडीवर जात. बोलता बोलता मी सहज म्हणालो की कानूनच्या तारांखालची घोडी माशाच्या कातड्यावर टेकलेली असते, ओलीने ते कातडं सैल पडतं आणि सूर उतरतो. त्यांनी पेला खाली ठेवला. कातडं? मग लाकूड लाकूड काय करत होतात इतके दिवस? म्हणाले, त्यांच्या लग्नात समुद्रावरून असा ओला वारा सुटला होता की डफ-ढोलकी थप थप वाजायला लागली. काकांनी शेगडी पेटवली आणि रात्रभर एक ढोलकी वाजवायची, दुसरी निखाऱ्यांवर शेकायची, असं चाललं. अन्फूशीत शेगडीशिवाय वरात निघतच नाही. ओल्या कातड्याची लाज काय असते ते त्यांना मी शिकवायची गरज नव्हती.

त्या गुरुवारी त्यांनी यंत्र सुरूच ठेवलं आणि पहारेकऱ्याला बजावलं की कुणी हात लावला तर बघा.

शनिवारी मी गेलो. तारा पिळायची किल्ली हातात घेऊन एकेक तार छेडली. सगळ्या होत्या तिथेच होत्या. पुढच्या शनिवारीही तसंच. फार आनंद झाला, अब्ला. थोडा वेळ बसलो, किल्ली खिशात घातली आणि घरी आलो. इतक्या लवकर घरी येऊन काय करायचं ते मात्र सुचेना.

आठवण असू दे.
रऊफ


असयूत, १८ जानेवारी १९९४

चि. रऊफ यास अनेक आशीर्वाद.

जिंकलास, छान झालं. पण त्यानंतर तुझी एक ओळ नाही. तुझ्या शेजारणीला फोन केला, तर ती म्हणते की तू शनिवारीसुद्धा बाहेर पडत नाहीस, खिडकीशी बसलेला असतोस. कानूनला तुझी गरज उरली नाही, म्हणून रुसलास का? मला इथे काळजीने झोप येत नाही. आजारी असशील तर तसं कळव, उदास असशील तर तेही कळव.

पत्राची वाट बघायला लावू नकोस.
अब्ला


अलेक्झांड्रिया, ३० जानेवारी १९९४

ती. अब्ला हिस सा. न. वि. वि.

आजारी नाही. उदास आहे. विचारलंस म्हणून लिहितो.

काल सकाळी बसयूनीसाहेबांचा फोन आला की कानून पार उतरलंय, लगेच या. तसाच धावलो. ओलीने खोलीच्या काचा घामेजल्या होत्या, यंत्र बंद. पहिलीच तार छेडली तर आवाज फुटक्या मडक्यासारखा. मी त्यांच्यावर इतका ओरडलो की पहारेकरी आत आला. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मीच बंद ठेवलं. चार शनिवार तुम्ही आला नाहीत. म्हटलं, कानूनला काही झालं तर येतील."

यावर रागवायचं तरी कसं? मी खाली बसलो आणि तारा लावायला घेतल्या. त्यांनी गरम, दाट दुधाचं सहलब मागवलं आणि शेजारी खुर्ची ओढून बसून राहिले. दुपार झाली तरी मी लावतच होतो. खरं सांगतो, वर्षभरात इतकी बरी सकाळ गेली नव्हती. मधेच मनात आलंही, की महिन्यातून एकदा असंच बंद राहिलं तर काय बिघडेल?

पण पेटीच्या कडेला बोट फिरवलं, तर केसाएवढी चीर लागली. नवी होती. तिथेच वदीदाचा डावा हात टेकायचा.

मी उठलो आणि यंत्र माझ्या हाताने सुरू केलं. बसयूनीसाहेबांनी विचारलं की मग आता पुढच्या शनिवारी याल का? म्हणालो, माझ्यासाठी हे यंत्र पुन्हा कधी बंद करू नका. किल्ली त्यांच्या टेबलावर ठेवून आलो.

पत्र लगेच टाक. आता तेच येतं माझ्याकडे.
तुझा रऊफ