शिखरावरची वही

ओडवार,

दर रविवारी डोंगर चढतोस म्हणून तुला पाव-चीज बांधून देत होते. आज म्हटलं, आपणही जाऊन यावं. वाटेत तळ्याकाठी तुझी पँट दिसली, शेजारी माझ्या बहिणीचा, गुनवोरचा फ्रॉक. तुम्ही दोघं पाण्यात खिदळत होतात, म्हणून हाक मारली नाही. पँट उचलली आणि थेट शिखर गाठलं. तिथल्या वहीत जो पोहोचतो तो नाव लिहितो. तीन वर्षांत तुझं एकदाही नाही!

घराला कुलूप आहे. तुझी किल्ली पँटच्या खिशात, पँट वर वहीच्या पेटीत. उतरताना ही चिठ्ठी गुनवोरच्या फ्रॉकवर ठेवतेय; फ्रॉक तेवढा ठेवलाय, लाज झाकायला वाटून घ्या. आज रविवार, अख्खं गाव डोंगरावर आहे.

वहीत आजच्या तारखेखाली तुझ्यासाठी एक ओळ मोकळी सोडलीय.

— बोर्गहिल्ड